काकूंचा उजवा कान

काकूंनी पिशवीतून इअरबडची एकेक डबी काढून टेबलावर मांडली. एक पांढरी, मुलाने परदेशातून येताना आणलेली. एक काळी, ऑनलाइन सेलमध्ये ९९९ रुपयांना मिळाली म्हणून घेतलेली. तिसरी निळी, भाचीने 'मला आता नकोय' म्हणत दिलेली. तिन्ही चालू स्थितीत, तिन्ही चार्ज केलेल्या, आणि तिन्ही गेले सहा महिने शोकेसच्या खणात पडून. "अरे, एवढं सगळं घरात असून मी अजून फोन कानाला लावून कीर्तन ऐकते," त्या म्हणाल्या. "माझ्या कानातच काहीतरी खोट असणार. बघ जरा."

काकू म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची आई. वय ६१, सहकारनगरला राहतात, गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. मी सदाशिव पेठेत श्रवणयंत्रांच्या एका छोट्या दवाखान्यात कानाचे साचे घ्यायचं काम करतो. श्रवणयंत्र नीट बसावं म्हणून ज्याच्या त्याच्या कानाचा वेगळा साचा लागतो. तो घ्यायचा, घासायचा, बोचला की परत घासायचा. 'बोचतंय' हा शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. तरी हे प्रकरण मार्गी लागायला सात आठवडे गेले, त्यातले दोन निव्वळ माझ्या चुकीने. म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

तक्रार

तक्रारी चार होत्या आणि काकूंनी त्या एका दमात सांगितल्या. उजव्या कानात घातलं की अर्ध्या तासाने ठणका लागतो. डाव्यात घातलं की खोकला येतो, "घशात काही नसताना, उगाच." चालायला लागलं की आपलीच पावलं डोक्यात वाजतात, उखळात कुणी कांडतंय तशी. आणि बोलायला गेलं तर स्वतःचा आवाज माठात तोंड घातल्यासारखा घुमतो.

मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर उपाय सांगत होता. ॲप अपडेट कर, इक्वलायझर बदल, छोटी रबरी टोपी लाव, फोन बंद करून चालू कर. शेवटी तो म्हणाला होता, "आई, सवय होईल." हे वाक्य मला फार खटकतं. नव्या चपलेची सवय होते, कारण चामडं थोडं सैलावतं. इअरबडचं प्लॅस्टिक सैलावत नाही. मग सैलावायचं कानाने, आणि कानाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, ते करत नाही, ती दुखते.

ओळखीचं कुणीही आलं की पहिला प्रश्न 'कुठला घेऊ?' हाच असतो. काकूंनीही तोच विचारला. मी उलट विचारलं की तुम्ही ऐकता कधी? उत्तर आलं ते असं. सकाळी सहाला तळजाईच्या टेकडीवर पाऊण तास. आठवड्यातून तीनदा डेक्कनला संस्कृतच्या वर्गाला जाताना-येताना, बसमध्ये. दुपारी ओट्याशी, नाटक नाहीतर कीर्तन. आणि रात्री झोप लागेपर्यंत, एका कुशीवर आडवं पडून. म्हणजे ऐकणारी बाई एक, पण टेकडीवर मागून येणाऱ्याची आणि कुत्र्याची चाहूल लागायला हवी, बसमध्ये बाहेरचं कमी व्हायला हवं, ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला हव्यात, आणि रात्री तर कानाखाली उशीच. हे सगळं एका जोडीकडून मागणं म्हणजे चहाच्या पातेल्यात आमटी करण्यासारखं आहे. होते, पण दोन्हीची चव जाते.

कान

आमच्याकडच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीने, दोन्ही कान पाहिले. डाव्यात मळाचा बऱ्यापैकी गोळा होता. काकूंना कान कोरायची सवय, तेही हेअरपिनने. मळ तयार होतो फक्त बाहेरच्या बाजूच्या एक तृतीयांश नळीत, आणि एरवी तो आपणहून बाहेर सरकतो. पण रोज पिन, त्यावर रबरी टोपी, असं दोन्ही बाजूंनी लोटलं की तो आत जाऊन बसतो. इमारतीतल्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. इअरबड बसत नाही, एका बाजूचा आवाज कमी येतो, अशी तक्रार असेल तर हे आधी बघावं. नवं काही विकत घ्यायच्या आत. काकूंचा डावा आवाज दुसऱ्याच दिवशी स्वच्छ झाला. बाकीच्या तक्रारी होत्या तशाच राहिल्या.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, आणि ती सरळ बोगद्यासारखी नसते, थोडी वळणावळणाची असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, जरा दबणारा. आतला भाग हाडाचा, आणि त्या हाडावरची कातडी इतकी पातळ की नुसता स्पर्शही झोंबतो. शिवाय या नळीच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा आहे. आपण चावलो, बोललो, जांभई दिली की नळीचा आकार बदलतो. खात्री करायची असेल तर करंगळी कानाच्या तोंडाशी ठेवा आणि तोंड उघडझाप करा. दुकानात तोंड मिटून, आरशासमोर शहाण्यासारखं उभं राहून जो इअरबड छान बसतो तो घरी पोळी खाताना का निसटतो, याचं उत्तर करंगळीला मिळेल.

नळीच्या बाहेर जो खोलगट भाग असतो त्याला आम्ही वाटी म्हणतो. इअरबडचं कवच, म्हणजे ज्यात बॅटरी, स्पीकर, मायक्रोफोन सगळं कोंबलेलं असतं तो भाग, या वाटीत बसतो. काकूंची उजवी वाटी मी मोजली तर १५ मिलिमीटर रुंद, डावी १७. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं नाही असं वाटेल. पण आपले दोन कान सारखे नसतातच, आणि वाटीत बसणाऱ्या वस्तूला दोन मिलिमीटर म्हणजे सगळं काही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ॲपलचे पहिले एअरपॉड २०१६ साली आले ते सगळ्या जगाला एकाच मापाचे, टोपीशिवाय. २०१९ च्या एअरपॉड प्रोबरोबर तीन मापांच्या टोप्या आल्या. आज स्वस्तातल्या स्वस्त डबीतही तीन टोप्या असतात, आणि लोकांचा समज होतो की मापाचा प्रश्न मिटला. टोपी तीन मापांची, कवच मात्र बहुतेक सगळ्यांचं एकाच मापाचं. त्यातून जाहिरातीत '१३ मिलिमीटरचा ड्रायव्हर' असं अभिमानाने छापतात. एवढा स्पीकर ठेवायला कवचही तेवढं लागणार, हे गिऱ्हाइकाच्या वाटीला कुणी विचारत नाही.

लाल डाग

दुखतं कुठे हे माणसाला नेमकं सांगता येत नाही. 'आत कुठेतरी' असंच सगळे म्हणतात. म्हणून मी काकूंना पांढरी जोडी घालून आमच्या बाकावर बसवलं, कीर्तन लावून दिलं, आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी विचारलं, "कसं वाटतंय?" "उत्तम." वीस मिनिटांनी, "ठीक." अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी नकळत मान तिरकी केली आणि जबडा हलवला. छत्तिसाव्या मिनिटाला उजवा काढून हातात घेतला.

मी लगेच टॉर्च मारला. नळीच्या तोंडाशी काही नाही. वाटीच्या मागच्या कडेवर साबुदाण्याएवढा लाल ठिपका. म्हणजे टोपी निर्दोष होती, कवच दोषी. त्या जागी कातडीखाली चरबी नसते, कातडीखाली थेट कूर्चा. तिथे सतत दाब आला की रक्त दबतं, आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं काही कळत नाही. मुलगा तीन महिने टोप्या बदलायला लावत होता तो सगळा खटाटोप चुकीच्या जागी चालला होता.

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, काही विकत न घेता. घरातल्या कुणाची जोडी मागून घ्यायची, टोपी काढून धुवायची, जाळीकडचा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि आपण रोज जेवढा वेळ ऐकतो तेवढा पूर्ण वेळ घालून बसायचं. मध्ये काहीतरी खायचं, बोलायचं, दोन जिने चढायचे. मग काढल्या काढल्या कुणाला तरी कानाचा फोटो काढायला सांगायचा. लाल डाग वाटीत असेल तर लहान कवच हवं. नळीच्या तोंडाशी असेल तर टोपीचं माप चुकलंय. कानामागे असेल तर हुक किंवा चष्मा. डाग नसताना आत खाजतंय, ओलं वाटतंय, तर डॉक्टर. पुण्याच्या पावसाळ्यात दमट कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि घामेजलेला इअरबड तसाच डबीत बंद करून ठेवणारे खूप.

माझी चूक

कवच वाटीला टेकतंय ना, मग ते थोडं बाहेर उभं राहील असं करू, असा मी विचार केला. फोमच्या टोप्या मिळतात. त्या बोटांत दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या, आत गेल्यावर त्या हळूहळू फुगून नळीत घट्ट बसतात. आधार नळीत मिळाला की कवचाला वाटीत रेलावं लागत नाही. तर्क चांगला होता. उजव्या कानात उपयोगही झाला, ठणका तासाभरावर गेला. मी खूश.

दोन आठवड्यांनी मित्राचा फोन. "आईचा खोकला बरा होईना. बाबा म्हणतायत एक्स-रे काढू." मी विचारलं, कधी खोकते? तर सकाळी टेकडीवर आणि बसमध्ये.

मी काकूंचं कार्ड काढलं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर लिहून ठेवलं होतं, 'डावा: ओटोस्कोप आत जाताच खोकला.' मी ते वाचलं नव्हतं. डोक्यात उजव्या कानाचा दुखरा ठिपका इतका बसला होता की डाव्याकडे बघितलंच नाही. कानाच्या नळीला वेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते, हाच वेगस घसा आणि फुप्फुसांकडेही जातो. काही जणांत कानाच्या त्या भागाला स्पर्श झाला की मेंदूला वाटतं घशातच काहीतरी गेलं, आणि खोकला येतो. साचा घेताना अशी माणसं आमच्याकडे अधूनमधून येतात. मला हे माहीत होतं, हेच जास्त लागलं. फोमची टोपी आत खोलवर फुगते, आणि मी ती नेमकी याच कानात घातली होती.

शिवाय पावलांचा धपधपाट आणि माठातला आवाज दुप्पट झाला होता. तेही साहजिक होतं. आपण बोलतो, चालतो, चावतो तेव्हा हाडांमधून कंप कानाच्या नळीत येतो आणि एरवी नळीच्या उघड्या तोंडातून निघून जातो. त्या तोंडाला बूच मारलं की तो आतच कोंडतो. जितकं पक्कं बूच तितका दणका. म्हणजे चालण्यासाठी मी काकूंना सगळ्यात चुकीची गोष्ट दिली होती.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "तू एवढं मनापासून दिलंस म्हणून घालत होते." पुढे मी नियम केला. मी फोन करून विचारायचं नाही, त्यांनी वहीत लिहायचं. किती वाजता घातलं, किती वाजता काढलं, का काढलं. गणिताच्या बाई, वहीला दुसऱ्या दिवशी समास आखलेले होते.

खिशात कान

आता मुद्दा असा झाला की टेकडी आणि ओट्यासाठी नळी बंद न करणारं काहीतरी हवं. अशा तीन जाती आहेत. एक, टोपी नसलेले, नुसते वाटीत अडकणारे. दुसरे, कानामागे हुक जाणारे, ज्यांचा स्पीकर नळीच्या तोंडासमोर अधांतरी असतो. तिसरे, कानाच्या कडेला चिमट्यासारखे लागणारे. हाडातून आवाज नेणारेही असतात, त्यांची पट्टी डोक्यामागून जाते. काकूंचा अंबाडा बघून तो विचार मी तिथेच सोडला.

अडचण नेहमीची. कानात घालून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानात कानात घालू देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, दहा जणांच्या कानात जाऊन आलेली वस्तू अकराव्याला कशी विकणार? बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानात तर पाटीच होती: 'कानात घालून बघू नये. बघितल्यास घ्यावे लागेल. घ्यायचे नसल्यास बघू नये.' तिसऱ्या वाक्याची गरज नव्हती, पण पाटीत जागा उरली असावी.

मग माझा धंदा कामाला आला. मी काकूंच्या दोन्ही कानांचे साचे घेतले. आत पडद्याच्या बाजूला दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा, त्यावर दोन रंगांचं सिलिकॉन मळून पिचकारीने भरायचं, चार-पाच मिनिटांत ते घट्ट होतं. (घरी कणीक किंवा तसलं काही कानात भरू नका. अडकलेलं काढायला लोक येतात आणि ते दृश्य चांगलं नसतं.) डाव्या कानाच्या वेळी बोळा सरकवताना काकू खोकल्या, मी थांबलो, बोळा जरा अलीकडे ठेवला. साच्यावरून उलटा साचा केला आणि काकूंचे दोन गुलाबी सिलिकॉनचे कान तयार झाले, वाटीसकट, नळीसकट.

ते खिशात घालून मी गल्लीत गेलो. दुकानदाराची हरकत माणसाच्या कानाला होती, सिलिकॉनच्या नव्हती. "हे काय आणलंय?" "कान." तो दोन क्षण बघत राहिला, मग त्याने आपणहून नमुन्यादाखल उघडलेल्या सगळ्या जोड्या काउंटरवर ओतल्या. पुढचा तास तो, त्याचा पोऱ्या आणि शेजारचा कव्हरवाला, तिघे मिळून काकूंच्या कानात इअरबड घालत होते. चार जोड्यांची कवचं उजव्या वाटीत शिरलीच नाहीत. दोन शिरली पण मागच्या कडेला रेलली, नेमक्या त्या साबुदाण्याच्या जागी. टोपी नसलेली एक बारीक जोडी छान बसली. हुकवाली आणि चिमटेवाली वाटीत जातच नाहीत, त्यामुळे त्यांना अडण्याचा प्रश्न नव्हता.

सिलिकॉनचा कान खोकत नाही, चावत नाही, आणि त्याला चष्मा नसतो. हे शेवटचं मला नंतर कळलं.

वहीतल्या नोंदी

टोपी नसलेली जोडी भाचीच्या मैत्रिणीकडे होती, ती आठवडाभर मागून आणली. वही सांगते: 'सोम. ओटा. १२.१० ते १२.४०. दुखले नाही. डावा पोह्यांत पडला.' 'मंगळ. डावा पुन्हा. दडपे पोहे चावताना.' डावी वाटी मोठी, वर जबड्याची हालचाल. उजवा मात्र बसून राहिला. काकूंनी पुढे लिहिलंय, 'एक कान मोठा, एक लहान. देवाने जोडी नीट लावली नाही.'

हुकवाली जोडी माझ्या बहिणीची होती. आवाज छान, नळी मोकळी, खोकला नाही, पावलांचा दणका नाही. पहिले तीन दिवस वहीत नुसतं 'उत्तम'. चौथ्या दिवशी, 'कानामागे चुरचुर'. लाल रेघ कानामागच्या घडीत. तिथे आधीच चष्म्याची काडी बसते, आता तिच्या शेजारी हुक आला. जागा एक, भाडेकरू दोन. काकूंचा चष्मा कायमचा, काढला तर तळजाईची पायरी दिसत नाही. चष्मेवाल्याने हुक घेताना चष्मा घालूनच बघावा आणि किमान तासभर बघावा. हे मला आधी सुचायला हवं होतं, मी स्वतः चष्मा लावतो.

उरला चिमटा. ही जात गेल्या दोन-तीन वर्षांत एकदम वाढली आहे. एक बाजू कानाच्या मागे, एक पुढे, मध्ये लवचीक पूल. स्पीकर नळीच्या तोंडाशी, पण आत नाही. काकूंनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर बुगडीच की रे." आणि खरंच, लावायची पद्धत त्यांना मला शिकवावी लागली नाही, त्यांनीच मला दाखवली. कडेला तिरकं धरायचं, सरकवायचं, मग खाली ओढून बसवायचं. पाळीतल्या कुड्यांना ते आड येत नाही, ते कानाच्या मधल्या कडेवर बसतं.

चिमट्याचाही दाब असतोच, आणि तोही कूर्चेवर. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांनी चिमटल्यासारखं झालं. पण इथे एक सोय आहे. वाटीत बसणारं कवच बसतं तिथेच बसतं, चिमटा दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करता येतो. काकूंनी वहीत कानाचं चित्र काढून १, २, ३ असे आकडे घातले आणि रोज जागा बदलली. क्रमांक दोनवर पाऊण तास काही नाही. दर वीस मिनिटांनी जरा सरकवलं की दीड तासही काही नाही. स्पर्शाने चालणारी बटणं मात्र मी ॲपमधून बंद करून दिली. चष्मा वर केला की कीर्तन थांबायचं आणि केस मागे घेतले की कुणाला तरी फोन लागायचा.

तपकीर गल्लीतल्या त्याच दुकानातून २,७९९ रुपयांना घेतली. आयपीएक्स ४ लिहिलेलं बघून घेतली, म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल, बुडवलेलं नाही. श्रावणसरीत टेकडीवरून उतरायला तेवढं पुरतं. बॅटरी किती तास, ब्लूटूथ कितवं, हे काकूंनी विचारलं नाही आणि मीही सांगत बसलो नाही. दिवसाला दोन तास ऐकणाऱ्याला आज बाजारातली बहुतेक कुठलीही जोडी पुरते.

बस

बसमध्ये चिमटा साफ हरला. उघड्या कानात इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखड, कंडक्टर, हॉर्न सगळं येणार, मग आवाज वाढवणं आलं. काकूंनी स्वारगेटपर्यंत आवाज पूर्ण वर नेला होता आणि तरी श्लोक कळत नव्हता. शेजारच्या बाईंना मात्र कळत होता.

मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सांगितली. मोठ्या माणसाने ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. काकूंनी तिथल्या तिथे कागद ओढला. ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. "भूमिती श्रेढी," त्या म्हणाल्या, मुलांना चूक दाखवताना म्हणत असतील त्या सुरात. "म्हणजे मी बसमध्येच आठवड्याचा सगळा कोटा उडवतेय." वाद संपला. आकडे पटले की काकू लगेच ऐकतात, माणसाचं ऐकतीलच असं नाही.

बसला बंद कानच हवा, आणि जमलं तर नॉइज कॅन्सलेशनही, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने मारण्याची सोय. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानात सुचली, आणि विमानाच्या घरघरीसारख्या सलग, खर्जातल्या आवाजावरच ती सगळ्यात चांगली चालते. बसचं इंजिन त्यातच मोडतं. हॉर्न आणि माणसांचं बोलणं मात्र ती फारसं खात नाही, ते काम टोपीच्या घट्टपणाचं.

आणि काकूंकडे नॉइज कॅन्सलेशनवाली जोडी होतीच. मुलाने दिलेली पांढरी. बाकावरच्या परीक्षेत ती उजव्या कानातून काढावी लागली होती छत्तिसाव्या मिनिटाला. सहकारनगर ते डेक्कन बसमध्ये प्रत्यक्ष बसणं अर्धा तास, वाहतूक अडली तर चाळीस मिनिटं. म्हणजे जी जोडी टेकडीवर नापास झाली ती बसला काठावर पास होत होती. वर्गाच्या आधी उजवा दोन मिनिटं काढून ठेवायचा, बस. डाव्याला सगळ्यात छोटी सिलिकॉनची टोपी लावली, ती नळीच्या तोंडाशीच राहते, खोकला येत नाही. अर्थात ती घट्ट बसत नाही, त्यामुळे खर्ज गळतो आणि घरघर थोडी डोकावते. संगीत ऐकणाऱ्याला हे चाललं नसतं. सवाई गंधर्वचं तिकीट काढणारी माणसं याला आवाज म्हणणार नाहीत. पण शब्द ऐकायचे असतील तर खर्ज गेला म्हणून फार बिघडत नाही. मुलाला कळवलं की आणलेली वस्तू वापरात आहे. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, सवय होईल." काकूंनी त्याला तसंच राहू दिलं.

रात्रीचं मात्र मी नाही म्हटलं. कुशीवर झोपून कानात काहीही घातलं की उशी ते दाबणार, आणि झोपेत माणूस कान सरकवत नाही. झोपण्यासाठी चपटे इअरबड मिळतात, पण उजव्या वाटीचं माप बघता मला धीर झाला नाही. फोन उशाशी, आवाज बारीक, वीस मिनिटांचा टायमर. काकूंची शंका होती की काकांची झोपमोड होईल. काका शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. काकांना ऐकायला कमी येतं हे सगळ्या घराला चार वर्षांपासून माहीत आहे, एक त्यांना सोडून. झोपमोडीचा प्रश्न असा सुटला.

एक गोष्ट सुटली नाही. चिमटा आणि बुगडी एका कानावर मावत नाहीत. गौरीच्या दिवशी काकू बुगड्या घालतात, सासूबाईंच्या आहेत. वहीत त्या दिवशी नोंद आहे, 'आज ऐकले नाही.' खाली कारणाच्या रकान्यात फक्त 'गौरी'.

त्याच दिवशी मी जेवायला गेलो होतो. सिलिकॉनचे कान त्यांनी माझ्याकडून मागून घेतले होते, आता ते शोकेसमध्ये मोकळ्या झालेल्या खणात असतात. जेवणं झाल्यावर काकांनी त्यातला उजवा उचलला, उलटसुलट करून बघितला, तोंडाजवळ नेला आणि बऱ्याच मोठ्या आवाजात विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय," आतून काकू म्हणाल्या. "शेजाऱ्यांनाही येतंय."

"काय?" काका म्हणाले.